समासातल्या नऊ ओळी

गेल्या गणपतीत मी लीड्सला लेकीकडे होते. नातीला आरत्या पाठ करायच्या होत्या, म्हणून एका कोऱ्या वहीत मोठ्या अक्षरात त्या उतरवून काढत होते. समोर छापील आरतीसंग्रह उघडा होता. 'दास रामाचा वाट पाहे सदना' लिहून झालं आणि पुढे लिहिलं, 'संकष्टी पावावे'. लेक चहा घेऊन आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, पुस्तकात 'संकटी' आहे."

होतंच. चष्मा नाकावर होता, शब्द डोळ्यांसमोर होता, तरी हाताने 'संकष्टी' लिहिलं. साताऱ्याच्या घरात माझी आजी, काकू, वाड्यातली सगळी पोरं टाळ्यांच्या ठेक्यावर जे म्हणत आली, तेच वहीत उतरलं. डोळे पुस्तक वाचत होते आणि हात कानाचं ऐकत होता.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही व्हिटबीला गेलो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे गाव. बंदरातून कड्यावर चढायला १९९ पायऱ्या आहेत. गुडघ्यांची समजूत काढत वर गेलं की आधी सेंट मेरीचं चर्च लागतं, आणि त्याच्या पलीकडे, समुद्राकडे पाठ करून उभे असलेले मठाचे भग्न अवशेष. उंच, टोकदार कमानी, वर छप्पर नाही, आतून वारा. या भिंती बऱ्याच नंतरच्या, तेराव्या शतकाच्या आसपासच्या. मी ज्यासाठी गेले होते तो जुना मठ डेन लोकांच्या स्वाऱ्यांत, नवव्या शतकात, नाहीसा झाला. चर्चच्या आवारात मात्र एक उंच दगडी क्रूस आहे, १८९८ साली उभारलेला, एका गुराख्याच्या नावाने. त्याचं नाव कॅडमन.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्ड्‌सवर्थ शिकवला, टेनिसन शिकवला. पण इंग्रजीतला, ज्याचं नाव आणि कविता दोन्ही आपल्यापर्यंत पोचली असा सगळ्यांत जुना कवी गाईगुरं राखणारा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मीही कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीनंतर वाचायला बसले तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही.

गोष्ट अशी. ६५७ पासून या मठाची मुख्य हिल्ड नावाची बाई होती. स्त्रिया आणि पुरुष दोघेही तिच्या अधिकाराखाली राहत. मठाच्या शेतीवाडीवर काम करणाऱ्या माणसांची कधी पंगत व्हायची, आणि मग करमणुकीसाठी तंतुवाद्य हातोहात फिरायचं. ज्याच्या हातात येईल त्याने गायचं. कॅडमनला गाता येत नसे. वय झालेलं, पण एक गाणं येत नाही. वाद्य आपल्याकडे सरकताना दिसलं की तो पंगतीतून उठून घरी जायचा. एका रात्री असाच उठला आणि गोठ्यात गेला. त्या रात्री गुरांची राखण त्याच्याकडे होती. झोप लागली, आणि स्वप्नात कुणीतरी त्याला नावाने हाक मारली.

"कॅडमन, मला काहीतरी गाऊन दाखव."

"मला गाता येत नाही. म्हणून तर जेवणावरून उठून इथे आलो."

"तरी माझ्यासाठी तुला गायचंच आहे."

"काय गाऊ?"

"सृष्टीचा आरंभ गा."

आणि त्याने कधी न ऐकलेल्या ओळी तो गाऊ लागला. जाग आल्यावर त्या त्याला आठवत होत्या. त्याने पुढे आणखी ओळी जोडल्या. सकाळी कारभाऱ्याला सांगितलं, कारभाऱ्याने हिल्डकडे नेलं, तिने जाणत्या लोकांना बसवून त्याची परीक्षा घेतली. त्यांनी धर्मग्रंथातला एक भाग त्याला समजावून दिला आणि म्हणाले, याचं गाणं कर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाणं घेऊन हजर. हिल्डने त्याला मठात घेतलं. तिथले गुरू त्याला कथा ऐकवत. तो ऐकायचा, एखादं जनावर रवंथ करतं तसं मनात घोळवायचा, आणि गोड गाण्यातून परत द्यायचा. रवंथाची ही उपमा माझी नाही, ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्या बीड या भिक्षूची आहे. गुराख्याबद्दल लिहिताना त्याला ती सुचली याचं मला फार कौतुक वाटतं.

या गोष्टीतला चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मी अडकून पडते ती त्या पंगतीपाशी. शेतावर राबणारी, निरक्षर माणसं जेवायला बसली आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला गाता येतं. न येणारा एकटाच आहे, आणि त्याला लाजून उठून जावं लागतं. एवढ्या एका तपशिलातून त्या समाजाचं अख्खं साहित्य दिसतं. ते राजाच्या भाटापुरतं नव्हतं. ते वाद्यासारखं हातोहात फिरत होतं. (हे वाद्य आपण चित्रांत बघतो तसं मोठं हार्प नसावं. १९३९ मध्ये सफोक परगण्यात सटन हू इथे राजाचं वाटावं असं दफन सापडलं, त्यात मेपलच्या लाकडाचे तुकडे होते. आधी त्यांचं हार्प जुळवलं गेलं. पुढे अभ्यास झाल्यावर ते सहा तारांचं, मांडीवर मावेल असं लायर असल्याचं कळलं. बीव्हर या प्राण्याच्या कातड्याच्या पिशवीत ते ठेवलं होतं. कुणीतरी जपून ठेवलं होतं, एवढं मला पुरतं.)

आता बीडबद्दल. नाव वाचून आपल्याला मराठवाडा आठवतो, पण हा जॅरोच्या मठातला भिक्षू. जॅरो म्हणजे व्हिटबीहून उत्तरेला, टाइन नदीकाठी. ६८० साली हिल्ड वारली तेव्हा बीड सात-आठ वर्षांचं पोर होता. पुढे तो त्या काळच्या युरोपातला एक मोठा विद्वान झाला आणि ७३१ मध्ये त्याने इंग्रज लोकांच्या धर्मेतिहासाचा आपला लॅटिन ग्रंथ पुरा केला. कॅडमनची गोष्ट आपल्याला माहीत आहे ती त्यातूनच. गाणं गायलं गेलं त्याला तोवर निदान पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे त्या ओळी त्याच्यापर्यंत पोचायला कुणाचं तरी तोंड आणि कुणाचे तरी कान लागलेच असणार.

आणि इथे बीडने एक गोष्ट केली. गाण्याचा आशय त्याने लॅटिन गद्यात दिला आणि प्रामाणिकपणे लिहिलं की हा अर्थ आहे, शब्दांचा मूळ क्रम नव्हे. कविता कितीही चांगली असली तरी एका भाषेतून दुसरीत शब्दशः नेली तर तिचं सौंदर्य आणि भारदस्तपणा उरत नाही. मूळ इंग्रजी ओळी त्याने आपल्या ग्रंथात घातल्याच नाहीत. ग्रंथ लॅटिनचा, वाचणारे रोमपर्यंतचे, हे कारण उघड आहे. मला आणखी एक वाटतं. ज्याला इंग्रजी येत होतं त्याला त्या ओळी तशाही येतच असतील, मग लिहायच्या कशाला, असाही विचार त्याच्या मनात असेल. बीडला स्वतःला इंग्रजी गाणी चांगली येत. ७३५ साली तो मृत्युशय्येवर होता तेव्हा त्याने पाच ओळींचं एक इंग्रजी कवन म्हटलं, आणि कथबर्ट या त्याच्या शिष्याने पत्रात आवर्जून लिहिलं की आमच्या भाषेतल्या गाण्यांत गुरुजी जाणकार होते.

बीडने वगळलेल्या ओळी मग कुणी वाचवल्या?

त्याच्या ग्रंथाच्या दोन अगदी जुन्या प्रती आज आहेत. एक केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयात, ७३७ च्या आसपासची. मूर नावाच्या बिशपच्या संग्रहातून आली म्हणून तिला मूर प्रत म्हणतात. दुसरी फिरत फिरत रशियात, सेंट पीटर्सबर्गला पोचली. पीटर्सबर्गच्या प्रतीत लॅटिन मजकूर दोन स्तंभांत सुबकपणे लिहिला आहे, आणि जिथे कॅडमनची गोष्ट येते त्या पानाच्या तळाशी, समासात, बारीक अक्षरात तीन लांब ओळी घातल्या आहेत. गद्यासारख्या सलग. मोजल्या तर कवितेच्या नऊ होतात. मूर प्रतीत त्याच नऊ ओळी पुस्तक संपल्यावर शेवटच्या पानावर आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांना कुणी लिहायला सांगितलं होतं असंही दिसत नाही. समोर लॅटिन अर्थ आहे, आणि कानात खरं गाणं आहे. त्यांना ते सोडवलं नाही.

सुरुवात अशी आहे, आपल्या लिपीत जमेल तशी लिहिते:

नू स्क्युलुन हेर्यान हेवनरीकेस वार्द,
मेतुदेस मेख्ती एन्द हिस मोदयिधांक

आता आपण स्वर्गराज्याच्या रक्षकाची स्तुती करायला हवी, निर्मात्याच्या सामर्थ्याची आणि त्याच्या मनातल्या संकल्पाची. मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या ओळीत 'ह' दोनदा आदळतो, दुसरीत 'म' तीनदा. जुन्या इंग्रजी कवितेचा सगळा डोलारा यावर आहे. शेवटी यमक जुळवायची रीत तिथे नव्हती. ओळीचे दोन तुकडे, प्रत्येक तुकड्यात दोन ठोके, मध्ये क्षणभर थांबा, आणि दोन्ही तुकड्यांना बांधणारा एकच आरंभीचा ध्वनी. दुसऱ्या तुकड्याचा पहिला ठोका ज्या ध्वनीचा, त्याच ध्वनीचा निदान एक ठोका पहिल्या तुकड्यात हवा. ओळीचा एक भाग विसरला तरी दुसरा त्याला ओढून आणतो. अक्षर नसलेल्या माणसांनी केलेली ही दावण आहे. गुरं अंधारातही तिथेच सापडतात.

शब्दही पाहण्यासारखे आहेत. नऊ ओळींत देवाची सात-आठ नावं आहेत: स्वर्गराज्याचा रक्षक, वैभवाचा पिता, सनातन स्वामी, मानवजातीचा रक्षक, सर्वसमर्थ धनी. यातला 'स्वामी' म्हणजे द्रिख्तिन, हा मुळात लढवय्यांच्या टोळीच्या नायकासाठीचा शब्द. ही राजांची, सरदारांची बिरुदं होती. शतकानुशतकं दरबारात गायली गेलेली. कॅडमनने ती उचलली आणि नव्या देवापुढे ठेवली. म्हणून मला वाटतं, गाता येत नसलेला हा माणूस इतकी वर्षं पंगतीच्या कडेला बसून ऐकत होता. वाद्य जवळ येईपर्यंत तो उठत नव्हता ना!

आता माझ्या वहीकडे येते. हे गाणं पुढे वीसहून अधिक हस्तलिखितांत उतरलं, काही उत्तरेच्या बोलीत, बरीचशी दक्षिणेच्या वेसेक्सच्या. आणि ती सगळी सारखी नाहीत. मूर आणि पीटर्सबर्गच्या प्रतींत देवाने स्वर्गाचं छप्पर घातलं ते 'एल्दा बार्नुम', म्हणजे माणसांच्या लेकरांसाठी. बीडच्या लॅटिन अर्थातही 'माणसांची लेकरं' असंच आहे. दुसऱ्या बऱ्याच प्रतींत मात्र ती 'पृथ्वीची लेकरं' होतात. कुठे 'प्रत्येक अद्‌भुताचा' असं आहे तर कुठे 'अनेक अद्‌भुतांचा'. ठोका बिघडत नाही, ध्वनीची बांधणी बिघडत नाही, अर्थ बसतो. १९९० मध्ये कॅथरिन ओब्रायन ओकीफ या अभ्यासक बाईंनी या फरकांवर बारकाईने लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे लेखनिक कविता नुसती डोळ्यांनी उतरवत नव्हते. वाचता वाचता ती त्यांच्या आत वाजत होती, आणि लेखणीतून कधी कधी समोरचा शब्द न येता आत वाजणारा, तितकाच बरोबर शब्द येत होता. ओळी तोडून लिहायची, विरामचिन्हं घालायची त्यांना गरज वाटली नाही, कारण कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याला ठाऊक होतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक तर्क म्हणून वाचलं होतं. 'संकष्टी' लिहिल्यावर ते मला हाताला कळलं.

आपल्याला मौखिक परंपरा म्हटलं की आधी वेदपाठ आठवतो. पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट म्हणण्याच्या पद्धती, आणि स्वराचाही फरक होऊ द्यायचा नाही असा दंडक. त्या मापाने पाहिलं तर या इंग्रजांनी फारच ढिलाई केली असं वाटेल. पण त्यांची रीतच निराळी होती. तिथे जपायची होती ती गोष्ट, चाल आणि शब्द बांधायची कला. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी वीरकाव्यात (नायकाचं नावही बेओवुल्फच) या कलेचं एक दृश्य आहे, आणि त्या सबंध काव्यात मला तेच सर्वांत प्रिय आहे. ग्रेंडेल राक्षसाला हरवून झालं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं त्याच्या रक्ताचा माग काढत सरोवरापर्यंत जाऊन घोड्यांवरून परत येत आहेत. मन हलकं झालंय. मध्येच घोडे पिटाळून शर्यती लावतात. त्यांच्यात राजाचा एक सेवक आहे, ज्याच्या मनात जुन्या गाण्यांचे साठे आहेत. तो घोड्यावर बसल्या बसल्या, काल रात्री घडलेल्या पराक्रमावर नवं गाणं बांधू लागतो, शब्दाला शब्द नीट जोडत. आणि लगेच तिथून सीगमुंड नावाच्या फार जुन्या वीराच्या कथेकडे वळतो. काल आणि हजार कालांपूर्वीचं, एकाच श्वासात. ताजी बातमी जुन्या गाण्याच्या शेजारी बसवली की ती टिकते, हे त्या माणसाला माहीत होतं.

आणि टिकतही असे. बेओवुल्फचा मामा हिगेलाक. त्याने फ्रिसियाच्या, म्हणजे आजच्या नेदरलँड्सकडच्या, किनाऱ्यावर स्वारी केली आणि तो तिथे मारला गेला, हे काव्यात पुन्हा पुन्हा येतं. राक्षस आणि ड्रॅगन असलेल्या काव्यातला हा तपशील कुणी खरा मानला नसता. पण सहाव्या शतकातच तूरचा बिशप ग्रेगरी याने आपल्या फ्रँकांच्या इतिहासात हीच स्वारी नोंदवली आहे. राजाचं नाव थोडं लॅटिन वळणाचं, पण माणूस तोच. घटना इ.स. ५२० च्या आसपासची. बेओवुल्फचं एकमेव हस्तलिखित इ.स. १००० च्या आसपासचं. काव्य नेमकं कधी रचलं गेलं यावर विद्वानांचं आजही भांडण आहे, पण लवकरात लवकरचा काळ धरला तरी मध्ये दोनेक शतकं जातात. तेवढा काळ एका परक्या राजाचा, परक्या किनाऱ्यावरचा मृत्यू लोकांनी तोंडातोंडी वाहून आणला. समुद्र ओलांडून.

विद्वानांच्या एका दुसऱ्या भांडणाबद्दलही लिहायला हवं. १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी हा होमरचा अमेरिकन अभ्यासक आपला शिष्य आल्बर्ट लॉर्ड याला घेऊन युगोस्लाव्हियात गायकांची ध्वनिमुद्रणं करत फिरला. १९३५ मध्ये अव्दो मेजेदोविच नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या खाटकाने त्यांना बारा हजारांहून अधिक ओळींची एक वीरगाथा सांगितली. बेओवुल्फ ३१८२ ओळींचं आहे. अव्दोसारखे गायक घोकंपट्टी करत नव्हते. ठरलेल्या शब्दसमूहांच्या, ठरलेल्या प्रसंगांच्या आधाराने ते दर वेळी गाणं नव्याने उभं करत होते. १९५३ मध्ये फ्रान्सिस मॅगून यांनी हेच माप जुन्या इंग्रजी कवितेला लावलं. तिथेही तेच तेच शब्दसमूह. 'बेओवुल्फ बोलला, एजथेओचा पुत्र' ही ओळ किती वेळा येते! मॅगून म्हणाले, म्हणजे ही कविता तोंडी रचलेली. मग १९६६ मध्ये लॅरी बेन्सन यांनी दाखवून दिलं की लॅटिन पुस्तक समोर ठेवून केलेल्या जुन्या इंग्रजी कवितांतही असे शब्दसमूह तितक्याच दाटीने येतात. नुसत्या त्यांच्यावरून तोंडी रचना सिद्ध होत नाही.

मला बेन्सनचं म्हणणं पटतं. पण त्याने मौखिक परंपरा लहान होते असं मला वाटत नाही, उलट ती आणखी मोठी दिसते. मठातला भिक्षू मेजावर लॅटिन ग्रंथ उघडून बसला आहे, हातात हंसाच्या पिसाची लेखणी आहे, आणि लिहायला लागला की गोठ्यातल्या, घोड्यावरच्या, पंगतीतल्या लोकांचीच चाल उतरते. त्याला दुसरी कविता ठाऊकच नव्हती.

चर्चमधल्या काहींना हे खुपतही होतं. ७९७ मध्ये अल्क्विन या विद्वानाने एका बिशपला पत्र लिहिलं: पुरोहितांच्या जेवणात देवाचे शब्द वाचले जावेत, तिथे वाचकाला ऐकावं, वादकाला नव्हे. इंगेल्डचा आणि ख्रिस्ताचा संबंध काय? घर अरुंद आहे, दोघे मावणार नाहीत. हा इंगेल्ड जुन्या गाण्यांतला वीर, बेओवुल्फमध्येही त्याचा उल्लेख येतो. अल्क्विनचा राग मी समजू शकते. पण त्याच्या रागामुळेच आपल्याला कळतं की मठाच्या जेवणघरात लोक इंगेल्डची गाणी ऐकत बसत होते. ज्याला हाकलायचं होतं त्याचं नाव त्यानेच लिहून ठेवलं.

पुढच्या शतकात वेसेक्सच्या राजवाड्यात याच्या उलट चित्र दिसतं. आल्फ्रेड राजाचं चरित्र ८९३ मध्ये ॲसर नावाच्या बिशपने लिहिलं. त्यात लहानपणचा एक प्रसंग आहे. आईने मुलांना इंग्रजी कवितांचं एक पुस्तक दाखवलं आणि म्हणाली, जो हे सर्वांत लवकर शिकेल त्याला देईन. धाकट्या आल्फ्रेडला पहिल्या पानावरचं सजवलेलं अक्षर फार आवडलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पुस्तक गुरूकडे नेलं, वाचून घेतलं, ऐकून पाठ केलं आणि आईपुढे म्हणून दाखवलं. माझी नात असंच करते. तिला देवनागरी अजून नीट येत नाही. वही तिच्या मांडीवर असते, पण ती पाहत असते माझ्या ओठांकडे.

आता जे राहिलं नाही त्याबद्दल. कॅडमन राहिला कारण त्याने देवाचं गायलं आणि हिल्ड नावाच्या बाईने त्याचं ऐकून घेतलं. वीरांची गाणी थोडी राहिली. सगळी मिळून जुनी इंग्रजी कविता आज सुमारे तीस हजार ओळींची, तीही मुख्यतः चार पुस्तकांत. पंगतीतले बाकीचे काय गात होते? केंटच्या एथेलबर्ट राजाचे कायदे इ.स. ६०० च्या आसपासचे. इंग्रजी भाषेत लिहिलेला ज्ञात असा हा सगळ्यांत जुना मजकूर, जरी आपल्या हाती असलेली प्रत बाराव्या शतकातली आहे. त्यात एक कलम आहे: राजाच्या दळणाऱ्या दासीशी कुणी संग केला तर दंड २५ शिलिंग. 'ग्रिंदेन्दे थेओवा', दळण दळणारी दासी. कायद्याला तिची किंमत माहीत आहे.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. ती बाई पहाटे अंधारात दगड फिरवताना गप्प बसली असेल, हे मला खरं वाटत नाही. पुरावा काही नाही, पण मी साताऱ्याच्या घरात जात्याची घरघर ऐकत झोपलेली मुलगी आहे. आपल्याकडे गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्या बायांची नावं ओव्यांसोबत राहिली. केंटच्या त्या दासीकडे कुणी गेलं नाही. तिच्या मालकाची नुकसानभरपाई तेवढी लिहिली गेली. या एका कलमापाशी आले की मला पुढे वाचवत नाही, पुस्तक मिटून ठेवते.

आणि जे लिहिलं गेलं त्याचं तरी काय झालं? लिओफ्रिक बिशपने एक्झेटरच्या कॅथीड्रलला आपली पुस्तकं दिली. १०७२ मध्ये तो वारला. त्या यादीत 'नाना विषयांवरचं, पद्यात रचलेलं एक मोठं इंग्रजी पुस्तक' अशी नोंद आहे. ते आजही तिथेच आहे. त्यात विडसिथ आहे, 'शब्दांचा खजिना उघडून' कुठकुठल्या राजांची नावं सांगत जाणारा भाट. त्यात देओर आहे, ज्याची जागा दुसऱ्या गायकाला दिली गेली आणि जो स्वतःला समजावत राहतो की तेही सरलं, हेही सरेल. नव्वदहून अधिक कोडी आहेत. पण १०६६ नंतर राज्य नॉर्मनांचं झालं, भाषा झपाट्याने बदलली, आणि दोन-तीनशे वर्षांत हे पुस्तक वाचून ज्याच्या कानात काही वाजेल असा माणूस उरला नाही. सुरुवातीच्या एका पानावर सुरीचे वार आहेत. तिथेच एखादं भांडं ठेवल्याचा ओला डाग. शेवटची पानं जळत्या कोलिताने आरपार जळलेली. पुस्तकावर कुणीतरी काहीतरी कापलं, पेला ठेवला. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यासाठी ती नुसती जाड कातडी होती.

बेओवुल्फचं हस्तलिखित तर आगीतून निघालं. १७३१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली, तेव्हा सर रॉबर्ट कॉटन यांचा संग्रह तिथे होता. बीडने आपला ग्रंथ पुरा केला त्याला त्या साली बरोबर हजार वर्षं झाली होती. पानांच्या कडा करपल्या आणि नंतर हाताळताना झडत गेल्या. १७८७ च्या सुमारास थॉर्केलिन या आइसलंडी विद्वानाने नकला करवून घेतल्या नसत्या, तर कडेची कितीतरी अक्षरं कायमची गेली असती.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मी ते हस्तलिखित काचेआड पाहिलं आहे. पोस्टकार्डाहून थोडं मोठं पान, भोवती कागदाची चौकट, आत तपकिरी झालेल्या कडा. शाळेतल्या मुलांचा एक घोळका शेजारून गेला, कुणी थांबलं नाही. मी मात्र ओठातल्या ओठात पहिला शब्द म्हटला, 'ह्वॅट'. ऐका, अशा अर्थाचा. सगळं काव्य त्या शब्दाने सुरू होतं.

व्हिटबीहून परतताना बसमध्ये नात झोपली. मुलीने विचारलं, वहीतलं ते 'संकष्टी' खोडणार आहेस का? मी वही काढली, त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: पुस्तकात 'संकटी'. दोन्ही राहू देत.

घरी आल्यावर मूर प्रतीच्या त्या शेवटच्या पानाचं छायाचित्र पुन्हा उघडलं. नऊ ओळी संपल्यावर त्या अनाम लेखनिकाने लॅटिनमध्ये एक वाक्य लिहिलं आहे: 'प्रीमो कांतावित कॅडमन इस्तुद कार्मेन', हे गाणं प्रथम कॅडमनने गायलं. प्रथम, असं त्याने लिहिलं आहे. त्यापुढे थोडी जागा उरली होती, तिथे त्याने तीन अवघड लॅटिन शब्दांचे इंग्रजी अर्थ टिपून ठेवले आहेत. त्यातला पहिला शब्द आहे चूल.